चाकाची झीज

आपल्या जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्यास बैलगाडीच्या चाकाची झीज शिकवावी लागत नाहीं. लांकडी चाकावर चढविलेली लोखंडी धाव खडकाळ वाटेवर घासून पातळ होते, सैल पडते, आणि मग लोहार ती तापवून पुनः बसवितो. जी वस्तु रस्त्याला लागते ती झिजते, हा त्याचा साधा हिशेब. परंतु हाच हिशेब सायकलला लावला असतां फसगत होते.

सायकलची रिम रस्त्याला लागतच नाहीं. जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ सालीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. असे टायर रूढ झाल्यापासून रस्त्याचें घर्षण रबराच्या वांट्यास आलें. मग रिम झिजते कशानें? तर ब्रेकानें. ब्रेक दाबतांच रबराचे ठोकळे फिरत्या रिमेस घट्ट धरतात, आणि गतीची ऊर्जा त्या घर्षणांत उष्णतारूप होते. स्वार व सायकल मिळून वजन ८० किलोग्राम आणि वेग तासीं १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५ मीटर, धरला, तर गतीची ऊर्जा १००० ज्यूल भरते. चटकन् थांबावयाचें तर यांतील बहुतेक भार ब्रेकांसच सोसावा लागतो.

म्हणून रिम किती दिवस टिकेल, या प्रश्नास एकच उत्तर नाहीं. कोरड्या, सपाट रस्त्यावर बेतानें ब्रेक लावणाऱ्याची रिम वर्षानुवर्षें टिकते. चिखलांतून व उतारावरून जाणाऱ्याची कांहीं सहस्र किलोमीटरांतच पातळ होऊं शकते. पावसाळ्यांत आपली काळी माती चाकास लगडते. तिच्याबरोबर आलेले बारीक खडे ब्रेकच्या रबरांत रुततात, आणि मऊ रबर कानशीचें काम करूं लागतें.

धातूधातूंतहि भेद आहे. जुन्या घडणीच्या, दांड्यांचे ब्रेक असलेल्या सायकलींची रिम पोलादाची असते. ती कठीण म्हणून सावकाश झिजते. पण वरचा मुलामा उडाला कीं गंजते, आणि ओली असतांना तिच्यावर ब्रेक नीट धरीत नाहींत. ॲल्युमिनियमची रिम हलकी असते व तिच्यावर ब्रेक अधिक चांगले लागतात. परंतु ती मऊ असल्यानें तिच्या कडा लवकर झिजतात. त्याच कडांवर टायरमधील हवेचा दाब असतो. कड फार पातळ झाली कीं एखादे दिवशीं ती फाटते आणि स्वार खालीं येतो. डिस्क ब्रेकच्या सायकलींस मात्र रिमेची ही झीज नसते.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षा सोपी आहे. अशा पुष्कळ रिमांच्या कडेवर एक बारीक खांच किंवा टिंब असतें. तें पुसलें गेलें कीं रिम बदलावी. खूण नसेल तर फूटपट्टीची धार कडेवर आडवी टेकवून पाहावी. मधें खळगा दिसला तर सायकल कारागिरास दाखवावी. पावसाळ्यांत ओल्या फडक्यानें रिम पुसावी, रबरांत रुतलेले खडे टांचणीनें काढावे, आणि रबर झिजून आंतील धातु उघडा पडण्यापूर्वींच तें बदलावें. चकाकी यावी म्हणून रिमेस तेल मात्र लावूं नये, ब्रेक निसटेल.

पालकांसहि एक विनंति आहे. मानव विकास कार्यक्रमांतून आपल्या ग्रामीण भागांतील गरजू मुलींना शाळेंत येण्यासाठीं सायकली मिळतात. अशा मुलीच्या सायकलचें चाक महिनाभर मोडून पडलें, तर केवळ सायकलच थांबते असें नाहीं. घरांत धाकटें भावंड सांभाळावयाचें असतें, शेतांत कापूस वेंचावयाचा असतो, आणि मुलीस घरीं ठेवण्यास एवढें निमित्त पुरतें. महिन्याचे दोन महिने होतात, आणि पुढें तिची वही कोणी उघडीत नाहीं. जो बाप पेरणीपूर्वीं तिफणीचे फण तपासतो, त्यानें शाळा उघडण्यापूर्वीं मुलीच्या सायकलचें चाकहि एकदां हातानें फिरवून पाहावें.

झिजलेली पोलादी रिम भंगारांत गेली तरी वायां जात नाहीं. आपल्या जालना शहरांतील कारखान्यांत भंगार वितळवून त्याच्या सळया करितात. परंतु मुलीचें बुडालेलें वर्ष वितळवून पुनः घडवील, अशी भट्टी कोठेंहि नाहीं.