चिबड

आज एका शब्दाची आठवण सांगतो. हा शब्द मला फार उशिरा कळला.

मी गुलबर्ग्यात, म्हणजे आताच्या कलबुर्गीत वाढलेला, बी.कॉम. झालेला माणूस. १९८१ साली हुमनाबाद तालुक्यातल्या एका खेड्यातल्या बँकेच्या शाखेत बदली झाली. शेतीशी संबंध फक्त तुरीच्या वरणापुरता!

एक शेतकरी कर्ज मागायला आला. म्हणाला, "साहेब, रान चिबड हाय. पाणी निचरंना. चर काढायला पैसे द्या."

मी पाहणीला गेलो. माळाच्या पायथ्याचं रान. पाऊस थांबून चार दिवस झाले होते, तरी पाय ठेवला की पचकन् पाणी वर यायचं. मला वाटलं, लोक पाण्यासाठी विहिरी खणतात, आणि हा असलेलं पाणी बाहेर काढायला निघालाय! चरांची रक्कम मी खोडली. तुरीच्या बी-खताचं कर्ज मंजूर केलं आणि शेरा मारला, "पाण्याची सोय उत्तम."

भाद्रपदात तूर पिवळी पडून उभी वाळली. वसुलीला गेलो तेव्हा त्यानं एक झाड उपटून हातात दिलं. मुळं काळी पडून कुजलेली. "मुळीलाबी दम घ्यायला लागतो, साहेब," एवढंच बोलला. एक बैल विकून त्यानं हप्ता भरला.

आपल्याकडचा लाल जांभा स्पंजासारखा पाणी पितो. खालचा काळा कातळ ते अडवतो, मग माळाच्या पायथ्याला ते पाझरून बाहेर येतं. बिदरचा गुरुनानक झिरा असाच. तिथं लोक ते तीर्थ म्हणून पितात. तेच पाणी भारी काळ्या रानात मुरून बसलं की जमीन चिबडते. तिला वाफसा येत नाही, पेरलेलं कुजतं. कन्नडमध्ये अशा जमिनीला 'जौगु' म्हणतात. म्हणजे दोन्ही भाषांत शब्द होता, माझ्या फॉर्ममध्ये मात्र रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी चरांचं कर्ज मीच लिहून वर पाठवलं. मंजूर झालं, रानही सुधारलं. पण बैल काही परत आला नाही.

त्यानं पहिल्याच दिवशी सगळं एका शब्दात सांगितलं होतं. "चिबड म्हणजे काय हो?" एवढं विचारायला मला कमीपणा वाटला.

तुमच्या गावाकडे अशा रानाला काय म्हणतात? घरातल्या जुन्या माणसांना विचारून ठेवा.