न मोडलेल्या हाडाचा हिशेब

आईच्या कण्याला मार्क मिळाले उणे २.९. तिने रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि विचारलं, "शून्याच्याही खाली? म्हणजे आत हाडं आहेत की नाहीत?"

हाडं आहेत. डेक्सा नावाच्या तपासणीत हाडांची घनता मोजतात आणि तरुण, निरोगी बाईच्या सरासरीशी ताडून बघतात. या आकड्याला टी-स्कोअर म्हणतात. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९४ मध्ये आखली. आई ६३ वर्षांची आहे आणि रेघेच्या बरीच खाली आहे.

पण खरा धक्का रिपोर्टने नाही, एक्स-रेने दिला. दोन वर्षांपूर्वी पिठाचा डबा खाली उतरवताना तिच्या पाठीत उसण भरली होती. बाम, शेक, आठ दिवस आराम, मग विषय संपला. आता एक्स-रेमध्ये पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसत होता. डॉक्टर म्हणाले, हे जुनं फ्रॅक्चर आहे. मणके असे गुपचूप मोडतात. निम्म्याहून जास्त वेळा ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आई ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ उभी होती. माझी आजी वाईला असायची. मला आठवते तेव्हापासून ती कंबरेत वाकलेली, समोरच्याशी बोलताना मान वर करून बघणारी. सगळे म्हणायचे, वयाने वाकली. आई म्हणाली, "म्हणजे आई वाकली नव्हती गं. तिचे मणके मोडत होते. आणि आम्ही तिला म्हणायचो, जरा ताठ चाल."

डॉक्टरांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. बाहेर बाकड्यांवर वीस माणसं थांबलेली होती, त्यामुळे बोलणं चार मिनिटांत आटोपलं. घरी येईपर्यंत आईच्या भिशीच्या ग्रुपवर निरोप हजर होता: ही गोळी जबडा सडवते. दुसरीने लिहिलं, आमच्या ओळखीतल्या एकीचं मांडीचं हाड चालता चालता मोडलं, हीच गोळी चालू होती. गोळ्यांची पट्टी फ्रिजवर गेली आणि तीन आठवडे तिथेच राहिली.

मी आयटीत काम करते, डॉक्टर नाही. पण मला आकडे वाचता येतात. म्हणून त्या तीन आठवड्यांत मी वाचत बसले.

आधी ही गोळी करते काय ते समजून घ्यावं लागलं. आपलं हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नाही. काही पेशी जुनं हाड सतत खोदून काढतात, काही पेशी तिथे नवं भरतात. आम्ही स्वारगेटला राहतो, त्यामुळे आईला हे सांगणं सोपं गेलं. भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, त्याआधी कित्येक वर्षं आम्ही चौकात खोदणारे आणि बुजवणारे बघत होतो. पाळी थांबली की शरीरातले खोदणारे ओव्हरटाइम करायला लागतात आणि बुजवणारे मागे पडतात. रस्त्याची चाळण होते. ही गोळी हाडावर जाऊन बसते आणि खोदणाऱ्यांना रजेवर पाठवते.

या जातीच्या औषधांचं नाव बिस्फॉस्फोनेट. कॅल्शियमचे क्षार साचू नयेत म्हणून ही रसायनं आधी कारखान्यांत वापरत. १९६० च्या दशकात हर्बर्ट फ्लाइश या स्विस शास्त्रज्ञाच्या गटाने त्यांचा हाडांवरचा परिणाम दाखवला. ॲलेंड्रोनेटला अमेरिकेत ऑस्टिओपोरोसिससाठी मान्यता मिळाली १९९५ मध्ये.

आता दुष्परिणामही इथूनच येतो. रस्ता खोदल्याशिवाय खालची गळकी पाइप बदलता येत नाही. खोदणारे फार वर्षं रजेवर राहिले तर हाडातल्या बारीक भेगा दुरुस्त होत नाहीत आणि क्वचित एखाद्या बाईचं मांडीचं हाड विशेष मार न लागता मोडतं. म्हणजे ग्रुपवरच्या बाई खोटं बोलत नव्हत्या. जबड्याचंही तसंच: दात काढल्यावर तिथलं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. २००३ पासून अशा नोंदी आहेत, त्यातल्या बहुतेक कॅन्सरच्या रुग्णांच्या, ज्यांना ही औषधं कितीतरी मोठ्या प्रमाणात शिरेतून देतात.

प्रश्न "होतं का?" हा नव्हताच. किती जणींना होतं, आणि गोळी न घेणाऱ्या किती जणींचं काय होतं, हा होता.

"धोका निम्म्याने कमी" असं वाचलं की मी सावध होते. कशाच्या निम्म्याने? १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत २,०२७ बायका होत्या, सगळ्यांचा निदान एक मणका आधीच मोडलेला. म्हणजे आईसारख्याच. साधारण तीन वर्षांत, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या शंभरातल्या १५ जणींचा आणखी एखादा मणका मोडला. ॲलेंड्रोनेट घेणाऱ्यांत ८ जणींचा. खुब्याचं हाड शंभरात साधारण २ ऐवजी १. हे "निम्मं" ऐकायला फार मोठं वाटतं आणि शंभरात एक फारच छोटं. दोन्ही खरं आहे.

दुसरी बाजू २०२० च्या एका अभ्यासात सापडली. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जवळपास दोन लाख बायकांच्या नोंदी त्यात होत्या. हिशेब असा: दहा हजार गोऱ्या बायकांनी तीन वर्षं औषध घेतलं तर खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची ती विचित्र फ्रॅक्चर २ होतात. आशियाई बायकांमध्ये टळतात ९१ आणि होतात ८. हा आकडा मी आईपासून लपवला नाही. आपल्याकडे पारडं थोडं कमी झुकतं, पण झुकतं त्याच बाजूला. जबड्याचा धोका या गोळ्यांमध्ये वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी धरतात.

मी हे सगळं एका कागदावर मांडलं. दहा हजार बायका, तीन वर्षं. एका बाजूला टळलेले सुमारे ७०० मणके आणि ९१ खुबे. दुसऱ्या बाजूला ८ मांड्या आणि फार तर ३ जबडे.

आईने कागद वाचला. म्हणाली, "पण त्या आठातली मी असले तर?"

याला उत्तर नाही. खरं तर सगळी अडचण याच प्रश्नात आहे. त्या आठ जणींना नाव आहे, तारीख आहे, त्यांची गोष्ट ग्रुपवर येते. जिचा खुबा मोडायचा टळला, तिला ते कधीच कळत नाही. ती नेहमीसारखी भाजी आणायला जाते. "आज माझा मणका मोडला नाही" असा निरोप कुणी पाठवत नाही. दुष्परिणामाला साक्षीदार असतात, फायद्याला नसतात. म्हणून तो कागदावर मोजावाच लागतो.

आणि हा कागद आईचा आहे. हाडं किंचितच विरळ झालेल्या, एकही फ्रॅक्चर नसलेल्या पन्नाशीच्या बाईसाठी मांडला तर डावी बाजू खूप हलकी होईल आणि उजवी तशीच राहील. तिच्यासाठी "आत्ता नको" हे उत्तर बरोबर असू शकतं. शेजारणीची गोळी आपल्याला का नाही, किंवा आपली तिला का नाही, याचं कारण हे.

आईकडे आणखी प्रश्न होते. नाचणीचं सत्त्व पुरणार नाही का? नाचणीत शंभर ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते हवंच. पुण्याच्या जहांगीर हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. अनुराधा खाडिलकर आणि रुबिना मांडलिक यांनी २०१५ मध्ये भारतीय बायकांच्या हाडांविषयी घेतलेल्या आढाव्यात कमी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता हीच कारणं ठळकपणे येतात. पण तो माल झाला. खोदकाम जोरात चालू असताना नुसती खडी टाकून रस्ता होत नाही.

वर्षातून एकदा सलाइनमधून घ्यायचं औषध? चालतं, मूत्रपिंड नीट असेल तर. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन? तेही आहे, पण ते मध्येच सोडलं तर मणके पटापट मोडू शकतात. आईला हे बंधन नको होतं.

सगळ्यात मोठा आक्षेप मात्र चहाचा निघाला. ही गोळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, दूध नाही. कारण एरवीही गोळीचा एक टक्कादेखील अंगी लागत नाही, चहा-दुधाबरोबर तेवढाही नाही. आणि आडवं झालं तर ती अन्ननलिकेत रेंगाळून जखम करू शकते. आई म्हणाली, "जबड्याचं एक वेळ सोसेन, चहाचं अवघड आहे."

तिने वार ठरवायला घेतला तेव्हा मला कळलं की निर्णय झालाय. गुरुवारी उपास. शनिवारी सकाळी स्वारगेटहून वाईची एसटी, मामाकडे. ती दर पंधरा दिवसांनी एकटी जाते. दाराला धरून ती उंच पायरी स्वतः चढते, आणि आता मागची सीट घ्यायची नाही हे तिने मान्य केलंय, कारण तिथे दणके जास्त बसतात. माझ्या दृष्टीने सगळा हिशेब या पायरीसाठी होता. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी पाचातलं एक वर्षभरात जातं, आणि उरलेल्यांतली बरीच पुन्हा एकटी बाहेर पडत नाहीत.

आधी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली आणि हलणारी दाढ काढून घेतली. जखम भरल्यावर पहिल्या मंगळवारी गोळी सुरू झाली. मांडीत किंवा जांघेत बोथट दुखायला लागलं तर लगेच सांगायचं, हे फ्रिजवर लिहून लावलंय. पाच वर्षांनी पुन्हा बघायचं, कारण हे औषध हाडात साठून राहतं आणि बऱ्याच जणींना तेव्हा सुट्टी देता येते.

चार महिने झाले. गेल्या मंगळवारी गोळी घेऊन ती घड्याळाकडे बघत खुर्चीत ताठ बसली होती. म्हणाली, "या गोळीने काहीच जाणवत नाही गं. ना बरं, ना वाईट."

मी म्हटलं, "असंच चालू दे." अजून अकरा मिनिटं बाकी होती. मी चहाचं आधण ठेवलं.