शिकवणीचा आधार

मिरजेत सतारी बनवणाऱ्या घरांच्या शेजारी वाढलो, त्यामुळे वाद्यांचा आवाज मला नवा नव्हता. आधी तबला शिकलो, मग हार्मोनियम, नंतर सतार. मीरासाहेबांच्या उरुसात पहिल्यांदा साथीला बसलो, तेव्हा अम्मी खूश झाली. अब्बांनी मात्र विचारलं, "बेटा, यावर घर चालेल का?"

प्रश्न खरा होता. कार्यक्रम मोसमात मिळतात, बाकीचे महिने कोरडे जातात. म्हणून शिकवणी सुरू केली. सतारीच्या तारेनं बोट सोलवटतं, तबल्यावर नवख्याचं मनगट आखडतं. हे मी सोसलेलं होतं, त्यामुळे मुलांना धीर देता आला.

मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ थोर गायक. ते वीणाही वाजवत. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मैफल गाजवणारा माणूस शिकवायलाही बसला! शिकवणं हलकं समजणाऱ्यांना मी हेच सांगतो.

आता फीच्या पैशांतून घरात किराणा येतो. अब्बा अजून माझ्या मैफिलीला आलेले नाहीत. पण संध्याकाळी शागीर्द यायच्या आधी सतरंजी तेच अंथरतात.