आटे जुळेनात

दिवाळीच्या तोंडावर कोणाकडे नवे पडदे येतात, कोणाकडे नवा सोफा येतो. आमच्याकडे यंदा ब्राउझर आला.

त्याचे असे झाले की, आमच्या जुन्या संगणकाने गणपतीतच मान टाकली. नवा घेतला. तो मांडून द्यायला माझा एक जुना विद्यार्थी आला होता. मी रावेतला एका बालवाडीत शिकवते. माझ्याकडे पाटीवर पहिला ‘ग’ गिरवून गेलेला हा मुलगा आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. “बाई, जुना ब्राउझर विसरा आता,” तो म्हणाला, “हा बघा, वाऱ्यासारखा पळतो.” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याने तो बसवूनही टाकला.

माझे शिक्षण जुन्या भाषेत मॅट्रिकपर्यंतचे. तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्या वहीत आणि शाईने. संगणकाशी माझे नाते सुनेचे सासूशी असते तसे आहे : सांगेल ते ऐकायचे, पण मनात काय आहे ते कधी कळायचे नाही. पहिले दोन दिवस वारा खरोखरच सुटला. तिसऱ्या दिवशी मुलांची माहिती भरायला एक पान उघडले. सगळे रकाने भरून झाले आणि पाहते तो खालचे ‘जमा करा’ हे बटणच जागेवर नाही! पान वर नेले, खाली आणले, संगणक बंद करून पुन्हा उघडला. शेवटी विद्यार्थ्याला फोन केला.

“बाई, ते पान जुन्या ब्राउझरसाठी लिहिलेलं आहे. ते जुन्यातच उघडा.”

“अरे, जुना विसरा असं तूच म्हणालास ना?”

तो हसला, मीही हसले. गोष्ट तेवढ्यावरच संपली असती. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी दादाचा लेख वाचायला मागितला.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षे टर्नरचे काम केले. आता माझ्याकडेच असतात. दादा माझा थोरला भाऊ. २००१ साली तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि २०१२ साली तिकडेच वारला. २००४ च्या दिवाळीत तिथल्या मराठी मंडळाने इंटरनेटवर दिवाळी अंक काढला होता, त्यात त्याने अप्पांवर एक लेख लिहिला. मराठीत त्याने लिहिलेला हा एकच लेख. त्या वेळी मी एका सायबर कॅफेत जाऊन त्याच्या प्रती काढल्या होत्या आणि अप्पांना वाचून दाखवला होता. ते कागद अप्पांनी आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत जपले. गेल्या पावसाळ्यात भिंतीतून पाणी झिरपले, ट्रंकेत शिरले आणि कागदांचा लगदा झाला. मला वाईट वाटले, पण काळजी वाटली नाही. लेख मंडळाच्या पानावर आहेच, असे मी धरून चालले होते.

आणि तो होताच. पान उघडले. वर पणतीचे चित्र, त्याखाली दादाचा टिकलीएवढा फोटो, आणि त्याखाली पानभर इंग्रजी अक्षरांचा सडा! ओळी होत्या, परिच्छेद होते, विरामचिन्हेदेखील होती. पण शब्द एकही नव्हता. मध्येच एक उलटे प्रश्नचिन्ह, मध्येच डोक्यावर टोपी घातलेला इंग्रजी ‘ए’. अप्पा शेजारी खुर्ची ओढून बसले होते.

“वाच की.”

“चष्मा आणते, अप्पा,” मी म्हणाले. चष्मा माझ्या नाकावरच होता.

संध्याकाळी विद्यार्थ्याला बोलावून घेतले. त्याने जे सांगितले ते मला समजले तसे सांगते.

इंटरनेटवरचे पान छापील पानासारखे तयार होऊन आपल्याकडे येत नाही. पलीकडून येतात त्या नुसत्या लेखी सूचना : इथे मथळा घाला, इथे चित्र, इथे अमुक वळणाचे अक्षर. त्या वाचून पान मांडण्याचे काम आपल्या घरातला ब्राउझर करतो. एकच कृती दोन आचाऱ्यांना दिली तर लाडू सारखे होतीलच असे नाही, तसे हे आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत ही सारी कल्पना मांडली, आणि १९९४ साली त्यांनीच एक मंडळ स्थापन केले. ते एवढ्याचसाठी, की या सूचनांची भाषा सर्वांनी एकच ठेवावी. पण त्याच वर्षी नेटस्केप आला, पुढल्या वर्षी इंटरनेट एक्स्प्लोरर आला, आणि दोघांची चुरस लागली. एकाने लुकलुकणारी अक्षरे काढली, तर दुसऱ्याने सरकणारी. पाने बांधणारे लोक मग कोणातरी एकाची बाजू धरीत आणि पानाच्या तळाशी लिहून टाकीत, ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच नीट दिसेल.’ म्हणजे ज्याची खिडकी वेगळी त्याने बाहेर पाहूच नये! (आमच्या खिडकीतून पूर्वी पवनेवरचा रावेतचा बंधारा दिसत असे. आता मध्ये बावीस मजली इमारत उभी आहे. ती गोष्ट निराळी.)

मराठीची अडचण तर दुहेरी. जगातल्या सगळ्या लिप्यांना आपापले कायमचे क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ सालीच निघाली होती. तिच्यातली देवनागरीची मांडणीही आपल्याकडच्या १९८८ च्या इस्की या प्रमाणावरून घेतलेली. पण घरोघरच्या संगणकांना ती कळू लागली २००० सालानंतर. मंगल नावाचा जो फाँट पुढे विंडोजबरोबर सगळीकडे गेला, तो र. कृ. जोशी या आपल्या मराठी सुलेखनकाराने केलेला. परंतु तोवर, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, लोकांनी एक युक्ती चालवली होती. छापखान्यात खिळ्यांचे खण असतात ना, तशा इंग्रजी अक्षरांच्या खणांत त्यांनी मराठी वळणे भरून ठेवली. अशा एका फाँटात ‘मराठी’ हा शब्द खरे पाहता ई, जे, के, मोठी बी आणि एच असा साठवलेला असे. फाँट जवळ असला तर मराठी, नसला तर ई-जे-के! वाचकाला तो फाँट मुद्दाम उतरवून घ्यावा लागू नये म्हणून पानाबरोबरच फाँट पाठवण्याची सोय निघाली. पण तीही नेटस्केपची एक आणि एक्स्प्लोररची दुसरी. सर्वांना चालेल अशी फाँट पाठवण्याची रीत त्या मंडळाने प्रमाण म्हणून ठरवली ती २०१२ साली. दादाचा लेख ज्याने कोणी मांडला, त्याने तो एक्स्प्लोररच्या रीतीने मांडला होता. त्याचा तरी काय दोष? तेव्हा बहुतेक सारे जग त्याच खिडकीतून पाहत होते. पुढे फायरफॉक्स आला, २००८ साली क्रोम आला, आणि १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोररला निवृत्त केले.

अप्पा हे सगळे कान देऊन ऐकत होते.

“म्हणजे आटे जुळत नाहीत,” ते म्हणाले.

विद्यार्थी त्यांच्याकडे पाहू लागला. अप्पांनी हाताची मूठ नटासारखी धरली आणि तिच्यात दुसऱ्या हाताचे बोट घातले. “मी कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे विलायती लेथ होते, इंचाच्या हिशेबाचे. नवी मशीनं आली ती मिलिमीटरची. अर्धा इंच आणि बारा मिलिमीटर डोळ्याला सारखेच दिसतात, बाळ. बोल्ट एक-दोन आटे आत जातो, वाटतं बसला. आणि मग अडकतो. पान्यानं जोर केलास की आटे गेले. म्हणून दोन पेट्या वेगळ्या ठेवायच्या. मिसळल्या की मेलास.”

विद्यार्थ्याने मग मोबाइलवर शोधून सांगितले की, १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रजाने आट्यांचे माप ठरवून दिले, त्याआधी तिकडे कारखान्यागणिक वेगळे बोल्ट असत. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ साली झाला. “कायदा झाला,” अप्पा म्हणाले, “पण बोल्टाला कुठे वाचता येतो?”

पहिला उपाय म्हणून विद्यार्थ्याने तो इंग्रजी सडा उचलून जुन्या फाँटातून युनिकोडात नेणाऱ्या एका यंत्रात घातला. मराठी बाहेर आले; पण कसले? ‘वडिलांचे’ या शब्दाचे ‘विडलांचे’ झाले होते, कवितेची ‘किवता’ झाली होती, आणि टर्नर अप्पा ‘टनर्र’ झाले होते. अप्पांना ते वाचून दाखवले तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले.

मला मात्र त्या ‘किवते’त एक गंमत सापडली. जुने फाँट टाइपरायटरच्या वळणाने चालत : जे डोळ्याला आधी दिसते ते आधी उमटवायचे. ‘वि’मधली वेलांटी ‘व’च्या आधी दिसते, म्हणून ती आधी. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणून तो अक्षरानंतर. युनिकोडात उलटे, जे तोंडाने आधी येते ते आधी. माझ्या बालवाडीतली पोरे ‘व ला पहिली वेलांटी वि’ असे ओरडतात, त्यांत व आधीच असतो. म्हणजे ज्या गोष्टीपुढे त्या यंत्राने हात टेकले ती माझी चार वर्षांची पोरे रोज सकाळी साडेआठला घोकतात! विद्यार्थ्याला हे सांगितले तर तो म्हणाला, “बाई, हे तुम्हीच तर शिकवलंत.” शिकवले होते खरे, पण आपण काय शिकवले ते मला त्या दिवशी कळले.

सगळेच काही वेलांटीएवढे सोपे नव्हते. दादाने ‘फेऱ्या’ लिहिले होते, त्याचे ‘फेर्या’ झाले होते. हा अर्धा, आडवा र मराठीचा खास. हिंदीला त्याचे काम पडत नाही. आपल्याला मात्र तो नसला तर ‘आचाऱ्यांना’ दिलेली दक्षिणा ‘आचार्यांना’ जाईल. युनिकोडात तो लिहिण्याच्याही दोन रीती आहेत, आणि एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर पुष्कळदा सापडत नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांचे तर विचारूच नका. शासनाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ शिकवा म्हणून सांगितले आहे. मी तो शिकवते. आणि पान मराठी आहे अशी सूचना लिहायला पान बांधणारा विसरला की ब्राउझर पुष्कळदा हिंदी वळणाचा ‘ल’ पुढे करतो. मग पोरे मला विचारतात, “बाई, खरा ल कुठला?”

दोन दिवसांनी विद्यार्थी पुन्हा आला, तो चेहऱ्यावर विजय घेऊनच. मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्ये निवृत्त एक्स्प्लोररसाठी एक मागचे दार ठेवलेले आहे आणि निदान २०२९ पर्यंत ते उघडे राहील, असे कंपनीने सांगितले आहे. त्या दाराने त्याने दादाचे पान उघडले. पणती आली, फोटो आला, आणि त्याखाली, एकवीस वर्षांपूर्वी सायबर कॅफेत पाहिली होती तशीच, किंचित जाड ठशाची मराठी अक्षरे एकापाठोपाठ एक उभी राहिली.

अप्पांनी काहीच म्हटले नाही. खुर्ची तेवढी पुढे ओढली.

पण ते दिसत होते एवढेच. मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की पुन्हा ई-जे-के. यंत्रातून काढलेल्या ‘विडलां’ची दुरुस्ती करीत बसण्यापेक्षा नव्याने लिहिणेच मला सोपे वाटले. पूर्वी पोथ्या उतरून काढीत, तसा मी लेख उतरून काढायला बसले. डाव्या बाजूला दादाचे पान, उजव्या बाजूला माझे कोरे. एक वाक्य मोठ्याने वाचायचे, मग ते टंकायचे. अप्पा ऐकत असत. मला दोन बोटांनीच टंकता येते, त्यामुळे तीन संध्याकाळी लागल्या. खाली अंगणात पोरांचे फटाके सुरू झाले होते, आणि चकलीची भाजणी दळून आणायची तशीच राहिली होती.

तिसऱ्या संध्याकाळी मी वाचले, “अर्ध्या इंची बोल्टाला इंचाला चौदा आटे असतात, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होते.”

“बारा,” अप्पा म्हणाले.

“इथे चौदा आहे.”

“बोल्टाला बारा. चौदा नळाच्या पाइपाला. अजूनही चौदाच, या घरातला नळ काढून बघ.”

मी ‘चौदा’ शब्दापाशी थांबले. दादाची चूक अशी चारचौघांत ठेवावी, हे मला बरे वाटेना. बारा करणे एका शब्दाचे काम होते. अप्पा बराच वेळ खिडकीकडे पाहत होते.

“चाळीत आपण नळ घरात घेतला, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता,” ते म्हणाले. “कारखान्यातून डाय मागून आणली आणि पाइपाला आटे मीच पाडले. हा शेजारी बसून होता, सूत आणि सफेदा घेऊन. म्हणाला, किती आहेत मोजू? मी खडूनं एक इंचाची खूण करून दिली. नखानं मोजत बसला. एकदा तेरा यायचे, एकदा पंधरा. शेवटी चौदा आले तेव्हा चाळभर नाचून आला.”

“मग काय करू? बारा करू?”

“नको. चौदाच राहू दे.”

मी चौदा टंकले आणि पुढचे वाक्य वाचायला घेतले.