दगडी बुद्धाची पंधरा मिनिटं

दक्षिण कोरियातलं देगू शहर. बेसबॉल सामन्याची आठवी इनिंग संपलेली, फलकावर सॅमसंग लायन्सची एखाद-दुसऱ्या धावेची आघाडी, आणि ध्वनिक्षेपकांतून समूहगानाचा गंभीर सूर उठतो. ‘लाझेन्का, सेव्ह अस’. शिन हे-चुलच्या ‘नेक्स्ट’ या बँडने 1997 मध्ये एका ॲनिमेशन मालिकेसाठी केलेलं हे गाणं. नावातच ‘सेव्ह’ आहे. ज्याने ते आता येणाऱ्या माणसासाठी निवडलं त्याला दाद द्यायला हवी. बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेचं, दार उघडतं. रुंद खांद्यांचा, पाठीवर 21 आकडा मिरवणारा ओ सुंग-ह्वान सावकाश धावत मैदानात येतो. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नसतं.

या चेहऱ्यामुळेच कोरियन लोकांनी त्याला ‘दोलबुचो’ म्हटलं, म्हणजे दगडी बुद्ध. समोरचा बॅटर बाद होवो की होमरन ठोको, हा तसाच. दुसरं टोपणनाव व्हिडिओ गेममधून आलेलं: शेवटच्या पातळीवर वाट अडवून बसलेला राजा. एक नाव देवळातलं, दुसरं गेम पार्लरमधलं. दोन्ही त्याला चपखल बसली.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला त्याच्या कामाची कल्पना शेवटच्या षटकावरून येईल, पण अर्धीच. तो गोलंदाज आधीही दोन-तीन षटकं टाकून गेलेला असतो. बेसबॉलमधला क्लोजर मात्र अडीच तास नुसता बसून असतो. सामना दुसऱ्यांनी उभा केलेला, आघाडी दुसऱ्यांनी कमावलेली. याने यायचं, बहुधा शेवटचे तीन बॅटर बाद करायचे आणि दार लावून घ्यायचं. आघाडी तीन किंवा त्याहून कमी धावांची असताना अख्खी इनिंग टाकून सामना जिंकून दिला, तर खात्यावर एक ‘सेव्ह’ जमा होतो. पंधरा मिनिटांचं काम, आणि त्यात काहीही घडू नये हेच यश. घडलं, तर तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

1982 साली जंगउप इथे जन्मलेला हा मुलगा दानकुक विद्यापीठात शिकत असतानाच कोपराच्या शस्त्रक्रियेतून गेला होता. ज्या हातावर पोट चालायचं तो आधीच एकदा उसवून शिवलेला. 2005 मध्ये सॅमसंगने त्याला घेतलं आणि पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. वर अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. पुढच्या वर्षी 47 सेव्ह. आशियात तोवर एका मोसमात इतके कोणी केले नव्हते.

त्याच्या हातात जादूचे चेंडू नव्हते. जवळपास सरळ येणारा जड चेंडू आणि सोबतीला स्लायडर, एवढंच भांडवल. डावा पाय जमिनीवर टेकता टेकता पुन्हा किंचित पुढे सरकायचा आणि त्या निमिषभरात बॅटरचा ताल चुकायचा. पुढे काय येणार हे ठाऊक असूनही बॅट उशिरा फिरायची.

मग कोपर पुन्हा बोलू लागलं. 2010 मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. इथेच संपलेले पिचर थोडे नाहीत. ओ 2011 मध्ये परतला आणि 57 इनिंग्जमध्ये त्याच्या नावावर फक्त चार धावा लागल्या. सेव्ह पुन्हा नेमके 47. अंतिम मालिकेचा पाचवा सामना सॅमसंगने 1-0 असा जिंकला. एका धावेच्या आघाडीवर नववी इनिंग सांभाळणं म्हणजे काठोकाठ भरलेली वाटी घेऊन जिना उतरणं. तो उतरला.

2014 मध्ये तो जपानच्या हानशिन टायगर्सकडे गेला. पहिल्या वर्षी 39 सेव्ह, दुसऱ्या वर्षी 41. पण पहिल्याच वर्षीच्या जपान सिरीजमध्ये, फुकुओकात, दहाव्या इनिंगला सॉफ्टबँकच्या नाकामुरा आकिराने त्याचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावला आणि सामना तिथेच संपला. शेवट करणाऱ्याचाच शेवट करून टाकला.

मैदानाबाहेरचा डागही सांगायला हवा. मकाऊच्या कॅसिनोतल्या जुगाराबद्दल न्यायालयाने त्याला दंड केला आणि कोरियन लीगने, परत येशील तेव्हा अर्धा मोसम म्हणजे 72 सामने बाहेर बसशील, असं बजावलं. दगडी बुद्ध देव्हाऱ्यातला नव्हता, माणसांतलाच होता.

अमेरिकेत सेंट लुईस कार्डिनल्सकडून 2016 च्या मोसमात तो 76 सामने खेळला, 103 बॅटर स्ट्राइकआउट केले आणि मोसमाच्या मध्यात क्लोजरची खुर्चीही मिळवली. पुढे टोरोंटो, मग कोलोरॅडो, मग पुन्हा कोपराचं दुखणं. अमेरिकेतले सेव्ह एकूण 42. शिक्षेचे सामने संपवून जून 2020 मध्ये तो देगूच्या माउंडवर उभा राहिला, तेव्हा क्लबचं मैदानच बदललेलं होतं. 2021 मध्ये, वयाच्या 39व्या वर्षी, त्याने 44 सेव्ह केले. याला काय म्हणावं?

2023 च्या मे महिन्यात मात्र एक गमतीची गोष्ट घडली. लय हरवली म्हणून प्रशिक्षकांनी त्याला चक्क पहिल्या इनिंगपासून चेंडू टाकायला लावले. कारकिर्दीत प्रथमच. आयुष्यभर कादंबरीचं शेवटचं पान वाचणाऱ्याला कुणी पहिलं पान उघडून द्यावं, तसं. पाच इनिंग्ज टाकल्या, तीन धावा दिल्या आणि सामना हरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोरियन लीगमधला 400वा सेव्ह नोंदवून तो आपल्या शेवटच्या पानावर परतलेला होता.

वय मग कुणाला चुकतं? 2024 च्या प्लेऑफच्या संघात त्याचं नाव नव्हतं. 2025 मध्ये एकही सेव्ह नाही. ऑगस्टमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. कोरियातले 427, जपानचे 80, अमेरिकेतले 42 मिळून 549. साडेपाचशेला एकाची कसर.

निरोपाचा सामना 30 सप्टेंबर 2025 ला, देगूतच, किआ टायगर्सशी. नवव्या इनिंगला तेच समूहगान वाजलं. पण सॅमसंग 5-0 ने पुढे होता. पाच धावांची आघाडी म्हणजे सेव्हच नाही. बाकीच्यांनी आपलं काम नको तितकं चोख केलं होतं. समोर बॅट घेऊन आला चोई ह्योंग-ऊ, सॅमसंगमधला त्याचा जुना सहकारी, तेव्हा किआचा. ओने त्याला स्ट्राइकआउट केलं. तेवढंच. चेंडू सोपवून तो माउंडवरून उतरला आणि सामन्यातले उरलेले दोन बॅटर बाद करायला दुसराच पिचर चालत आला.