रिकामा रकाना

माझा पहिला कॉर्नरबॅक वाऱ्यासारखा पळायचा. फक्त चुकीच्या दिशेनं.

नोकरीसाठी पिट्सबर्गला आलो, तेव्हा रविवारी दुपारी अख्खं शहर काळे-पिवळे कपडे घालून टीव्हीसमोर का बसतं, हे मला कळेना. ऑफिसातल्या एकानं खेळ समजावता समजावता मला ब्राउझरवरच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये ओढलं. या खेळात हाती काहीच नसतं. आपण एक खेळाडू जन्माला घालायचा, त्याची उंची, वजन आणि मैदानावरची जागा ठरवायची. वेग, ताकद, चपळाई, उडी, नजर, पकड अशा खात्यांत गुण वाटायचे आणि त्याला एखाद्या संघात धाडून द्यायचं. सामना सर्व्हर आपला आपण खेळवतो. आपण सकाळी उठून हिरव्या पट्ट्यावर बावीस ठिपके पळताना बघायचे. पेपर कधीच लिहून झालेला, आता फक्त निकाल.

त्या पहिल्या बचावपटूचे मी सगळे गुण वेगात ओतले होते. समोरच्या क्वार्टरबॅकनं चेंडू दिल्याचं नुसतं नाटक केलं, की माझा ठिपका त्या नाटकामागे सुसाट सुटे आणि खरा चेंडू त्याच्या पाठीमागून निघून जाई. हळू असता, तर निदान चुकीच्या जागी पोहोचायला त्याला वेळ तरी लागला असता.

आक्रमणातल्या रिसीव्हरला कुठे पळायचं हे आधीच सांगितलेलं असतं. बचावपटूला ते कोणी सांगत नाही. त्याला आधी वाचावं लागतं, मग पळावं लागतं. सांगलीच्या शाळेत मी कबड्डीला उजवा कोपरा सांभाळायचो. सर ओरडायचे, ‘‘पाय बघू नकोस रे, कंबर बघ!’’ चढाई करणारा पायांनी फसवतो, कंबरेला तेवढं खोटं बोलता येत नाही. वीस वर्षांनी तेच वाक्य मी ठिपक्याच्या ‘नजर’ नावाच्या खात्यात गुण भरून लिहीत होतो.

खऱ्या मैदानावर याचा दाखला १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोल या अंतिम सामन्यानं दिला. न्यू इंग्लंड २८-२४ नं पुढे, सिअ‍ॅटलला विजयासाठी उरलेला एक यार्ड आणि घड्याळात अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ. माल्कम बटलर हा न्यू इंग्लंडचा पहिल्याच वर्षाचा कॉर्नरबॅक. ड्राफ्टमध्ये त्याला कोणत्याही संघानं निवडलं नव्हतं. समोरचा संघ आता जी चाल खेळणार होता, नेमक्या तिच्यावर सरावात तो उशिरा पोहोचला होता. आता समोर दोन रिसीव्हर एकामागे एक उभे दिसले आणि त्यानं चाल ओळखली. चेंडू येण्याआधी तो निघाला होता. चेंडूवरची झडप सगळ्यांनी पाहिली. सामना मात्र त्या आधीच्या ओळखीनं जिंकला होता.

दुसरा कॉर्नरबॅक मी सावकाश घडवला. गुणांचा हिशेब विचित्र असतो. सुरुवातीचे गुण स्वस्त, मग एक पायरी ओलांडली की एका गुणाला दोन मोजा, पुढे तीन. रोजच्या सरावाचं याच्या उलट: खातं जितकं रिकामं, तितकी सरावातून भर जास्त. म्हणून जाणते लोक आधी सरावाला राबू देतात, मिळालेले गुण खिशात ठेवतात आणि महाग पायऱ्या आल्या की मगच खर्च करतात. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसतं. प्रत्यक्षात तोवर तुमचा खेळाडू दर सामन्यात मार खातो. संघाच्या मालकाचे निरोप यायचे, ‘‘खिशात एवढे गुण आहेत, खर्च का करत नाहीस?’’ एकदा मध्यरात्री बोट बटणापर्यंत गेलंही होतं. मुलाची दहावी तोंडावर आलेल्या बापाचा जीव जसा टांगणीला लागतो, तसाच माझा लागला होता.

पण ज्याच्यामुळे मला ही कारागिरी उमगली, तो कॉर्नरबॅक नव्हता. तो नोज टॅकल होता. बचावाच्या पहिल्या फळीत अगदी मधोमध, समोरच्या सेंटरच्या नाकासमोर उभा राहणारा. त्याला मी वजन दिलं, ताकद दिली, दम दिला. उडी जवळजवळ शून्यावर सोडली. चेंडू हवेत असताना याचं तिथे काम काय? वेगाचे गुण काढून घेताना मात्र जिवावर आलं. सगळं थोडं थोडं दिलेला खेळाडू कशाच्याच उपयोगी पडत नाही, हे कळून चुकलं होतं, तरीही. घडवणं म्हणजे तो काय होणार नाही हे ठरवणं, आणि ते ठरवताना हात थरथरतोच.

त्याचं काम एकच, समोरच्या दोघांना अडकवून ठेवायचं. इथल्या जुन्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. १९७४ पासून इथल्या स्टीलर्स संघाचा बचावपटू जो ग्रीन सेंटर आणि गार्ड यांच्या मधल्या फटीवर तिरका उभा राहू लागला. दोघं त्याच्याशी झटापट करण्यात गुंतत आणि मागे जॅक लॅम्बर्टला वाट मोकळी मिळे. लॅम्बर्ट मधल्या लाइनबॅकरच्या मानानं अंगानं हलकाच. १९७६ मध्ये पहिल्या पाचांतले चार सामने हरलेल्या या संघानं पुढचे नऊच्या नऊ जिंकले, आणि त्या नऊ सामन्यांत मिळून फक्त २८ गुण दिले. वर्षाच्या सर्वोत्तम बचावपटूचा मान लॅम्बर्टला मिळाला. त्याच्यापुढे किती जण अडकून पडले होते, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता.

माझ्या नोज टॅकलच्या नावापुढेही दर सामन्याला एखादी पकड दिसे, कधी तीही नाही. त्याच्या मागचा लाइनबॅकर कुणा ओहायोवाल्यानं घडवलेला. तो दर आठवड्याला पकडींच्या यादीत वर असायचा. मालक त्याचं कौतुक करी, आणि मीही मनापासून करत असे.

या खेळात खेळाडूंचंही वय होतं. ताकद उतरणीला लागली, तसा मी माझ्या ठिपक्याला निवृत्त केलं. निरोपाचा समारंभ वगैरे नसतो, एक बटण असतं.

तीन आठवड्यांनी त्या ओहायोवाल्याचा निरोप आला. पकडी निम्म्यावर आल्या होत्या. माझे गुण वाटण्यात काही चुकलंय का, जरा बघशील? मी रात्री बसून त्याची सगळी खाती तपासली. नजर, चपळाई, पकड, सगळं जागच्या जागी होतं.

त्याला लिहिलं, तुझ्या खेळाडूत काही बिघडलेलं नाही.

मग तक्त्यात माझ्या जुन्या ठिपक्याची ओळ उघडली. शेवटच्या सामन्यापुढे पकडी शून्य. तो शून्य मी बराच वेळ बघत बसलो.