गंगेचे पाणी अठ्ठावन्न अंश नसते

गेल्या त्रिपुरी पौर्णिमेला आई आणि मावशी नाशिकहून महानगरी एक्स्प्रेसने माझ्याकडे वाराणसीला आल्या. येताना त्यांच्यासोबत एक यादी होती. अकरा घरांना गंगाजल हवे होते.

आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात गंगेचा एक गडू असे. तांब्याचा, आवळ्या तोंडाचा, डाख देऊन कायमचा बंद केलेला. पणजोबांनी काशीयात्रेहून आणलेला. कानाशी धरून हलवला की आतले पाणी वाजे. तो उघडला गेला एकदाच, आजीच्या अखेरच्या दिवशी, तुळशीच्या पानावरून तिला चार थेंब देण्यासाठी. तांबे साठ-सत्तर वर्षे त्या एका सकाळीसाठी थांबून राहिले होते.

घाटाच्या पायऱ्यांवर आता गंगाजलासाठी मिळतात ते अर्धपारदर्शक प्लास्टिकचे डबे, पेलाभर पाण्यापासून पाच लिटरपर्यंत. आईने अकरा डबे मोजून घेतले. मी शेजारी उभी होते आणि काही बोलले नाही. भौतिकशास्त्रातील माझी डॉक्टरेट पॉलिमरवर आहे आणि गेली काही वर्षे मी सेल्युलोजपासून वेष्टनाची फिल्म तयार करण्याच्या खटपटीत आहे. माझ्या प्रत्येक प्रकल्प-प्रस्तावाचे पहिले वाक्य समुद्रातील प्लास्टिकविषयी असते. ‘पर्याय’ हा शब्द तर इतक्यांदा लिहिला आहे की तो आता झिजून गुळगुळीत झाला आहे. तरीही त्या पायरीवर आईला देण्यासारखे माझ्या हातात काही नव्हते.

वाराणसीत बसून समुद्राची चिंता कशाला, असे विद्यार्थी मला विचारतात. राष्ट्रीय जलमार्ग १ वर वाराणसी ते हल्दिया हे अंतर १३९० किलोमीटर आहे. हे अंतर प्लास्टिकला किती जाणवते, याचा शोध घेण्यासाठी काही संशोधकांनी अर्ध्या लिटरच्या बाटल्यांमध्ये जीपीएस आणि उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून त्या गंगेत आणि बंगालच्या उपसागरात सोडल्या. २०२० साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका बाटलीने ९४ दिवसांत २८४५ किलोमीटर प्रवास केला होता. यातली भौतिकी शाळेतलीच आहे. पेट प्लास्टिकची घनता पाण्यापेक्षा जास्त, सुमारे १.३८, पण झाकण लावलेल्या बाटलीत हवा असते, म्हणून ती तरंगते, आणि फुटली की बुडते. आईच्या हातातील डबे ज्या पॉलिएथिलीनचे होते, त्याची घनता मात्र पाण्याहून कमी. त्याचे कितीही तुकडे झाले तरी अंगावर शेवाळाचे लिंपण चढेपर्यंत ते तरंगतच राहणार.

२०१७ साली दहाच नद्या जगातील बहुतेक नदीवाटे जाणारे प्लास्टिक समुद्रात नेतात, असे एक अनुमान प्रसिद्ध झाले आणि त्या दहांत गंगा होती. मथळा सोयीचा होता, म्हणून आजही तो फिरतो. २०२१ च्या ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मधील अधिक बारकाईच्या प्रतिमानाने मात्र चित्र बदलले. ८० टक्के भार एक हजाराहून अधिक नद्यांमध्ये वाटलेला निघाला आणि शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्या पुढे आल्या. आपली उल्हास नदी त्या यादीत फार वर आहे. कल्याण-उल्हासनगरच्या वाचकांनी हे वाक्य कृपया पुन्हा वाचावे.

त्या संध्याकाळी आम्ही पंचगंगा घाटावर गेलो. अहिल्याबाईंच्या नावाने सांगितला जाणारा तिथला दगडी हजारा उजळला होता. मावशीने दीप सोडण्यासाठी दोणा घेतला. तो पानांचा नव्हता. वरून चंदेरी चमक असलेला कागदी दोणा. मी विकणाऱ्या बाईंना पानांचा मिळेल का, असे विचारले. त्या म्हणाल्या, पानांचा महाग पडतो, दोन दिवसांत वाळून तडकतो, आणि हा कागदच तर आहे, “मैया में जाकर गल जाता है.” त्यांचे म्हणणे खरे की खोटे हे मला ठाऊक नव्हते. पॉलिमरची डॉक्टरेट असलेल्या बाईला हे ठाऊक नसावे, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर तीन बादल्या गंगेच्या पाण्याने भरल्या. एकीत तो चंदेरी दोणा, दुसरीत ‘कंपोस्ट होणारा’ असे छापलेला पीएलएचा पेला, तिसरीत पळसाच्या पानांचा, काड्यांनी टोचलेला दोणा. हा शास्त्रीय प्रयोग नव्हे. तुलनेसाठी काही ठेवले नव्हते, वाहता प्रवाह नव्हता, आणि एका माकडाने दुसरी बादली एकदा उलथवली. चाळीस दिवसांनी जे दिसले ते सांगते. पळसाचा दोणा काळा पडून चिखलात जमा झाला होता. शिरांची जाळी तेवढी ओळखू येत होती. पीएलएचा पेला जसाच्या तसा, धुऊन चहा प्यावा असा. आणि चंदेरी दोण्यातला कागद खरोखरच गळून गेला होता. बाई तेवढ्यापुरत्या बरोबर होत्या. उरला होता तो एक तलम, पारदर्शक पापुद्रा, दोण्याच्या चुण्या अंगावर जपून ठेवलेला. बोटावर घेतला तर वजन जाणवेना. कागदासह असता तर निदान डोळ्यांना दिसला असता.

त्या पापुद्र्याने मला माझीच फिल्म आठवून दिली. सेल्युलोजच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते. फिल्म पाणी शोषते, फुगते, ढिली पडते. आवरणाचे काम करायचे तर पाणी अडवायला हवे. नष्ट व्हायचे तर पाण्याला आत घ्यायला हवे. या पेचातून मी गेल्या वर्षी सुटका करून घेतली ती फिल्मवर पीएलएचा पातळ थर देऊन. आकडे सुंदर आले. अहवालात मी लिहिले: ‘पूर्णतः कंपोस्टयोग्य’.

हे वाक्य खोटे नाही. कंपोस्टयोग्यतेची जी चाचणी प्रमाण मानली जाते, ती ५८ अंश सेल्सिअसला होते. योगायोग नव्हे, पीएलएचे काच-संक्रमण तापमान ५५ ते ६० अंशांच्या आसपास आहे. त्याखाली त्याच्या साखळ्या जणू गोठलेल्या असतात, पाण्याचे रेणू त्यांना सावकाश, फार सावकाश तोडतात. औद्योगिक कंपोस्टच्या ढिगात ही उष्णता मिळते. गंगेचे पाणी भर जेठातही तिच्या जवळपास पोहोचत नाही आणि बंगालचा उपसागरही नाही. मी माझा पदार्थ तपासला होता तो जिथे जावा असे मला वाटत होते त्या जागी. तो जिथे जाणार होता, त्या जागी नव्हे. आणि वाराणसीत निदान दोण्याबाबत तरी हे कोडे नाही, कारण तो पाण्यात सोडण्यासाठीच घेतला जातो.

‘वनस्पतिजन्य’ या शब्दाविषयीही मी आता सावध झाले आहे. २०१९ साली हिमालयापासून बांगलादेशापर्यंत गंगेच्या प्रवाहावर दहा ठिकाणी, त्यात वाराणसीही होती, पाण्याचे नमुने घेतले गेले. सापडलेल्या सूक्ष्म कणांत ९१ टक्के तंतू होते आणि त्यांत सर्वाधिक रेयॉन. रेयॉन म्हणजे झाडाच्या लगद्यातून काढून पुन्हा घडवलेले सेल्युलोज, म्हणजे माझ्या फिल्मचे सख्खे भावंड. ते तंतू बहुतेक कपड्यांतून येतात. १ जुलै २०२२ पासून देशात स्ट्रॉ, थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले-चमचे यांवर बंदी आली, तिचे स्वागतच आहे. पण ती या तंतूंना शिवतही नाही. पाण्याची बाटली आणि गंगाजलाचा डबाही त्या यादीत नाहीत.

मग कुल्हड? इथल्या चहावाल्यांकडे तो भरपूर दिसतो. २०१९ च्या आरंभी वाराणसी आणि रायबरेली स्थानकांवर कुल्हड वापरण्याचा निर्णय झाला, त्याचे कौतुकही पुष्कळ झाले. पण कुल्हड ‘मातीत मिसळतो’ हे अर्धसत्य आहे. भट्टीत चिकणमातीच्या स्फटिकांतले पाणी कायमचे निघून जाते. भाजलेली माती पुन्हा माती होत नाही, म्हणून तर पुराणवस्तुसंशोधकांना हडप्प्याची खापरे सापडतात. शिवाय इंधन जळते, सुपीक माती जाते. तरीही खापर समुद्रात पोचले तर कोणा कासवाच्या पोटात फुग्यासारखे अडकत नाही. मी कुल्हडाच्या बाजूने आहे, पण डोळे उघडे ठेवून. कागदी कपाच्या बाजूने मात्र नाही. त्यालाही आत पॉलिएथिलीनचे अस्तर असते आणि खरगपूरच्या आयआयटीतील अभ्यासात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे त्यात ठेवल्यावर सुमारे २५ हजार सूक्ष्मकण उतरले होते.

आई निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिला ठठेरी बाजारात नेले. तांब्या-पितळेच्या त्या गल्लीत एका दुकानी छोटे गडू मिळाले, डाख देऊन बंद करून देणारा कारागीरही मिळाला. एका गडूच्या किमतीत डबे किती येतात याचा हिशेब आईने तिथेच मोठ्याने केला. मग तिने यादी काढली आणि अकरा नावांवर बोट फिरवत ती थांबत गेली. कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कोण पाणी देव्हाऱ्यात ठेवील, कोण मावंद्यानंतर विसरून जाईल. तीन गडू घेतले. आठ घरांना डबेच गेले. “रिकामे झाले की फिनेलला होतील,” मावशी म्हणाली.

माझा अहवाल मी परत मागवून घेतला आहे. ‘पूर्णतः कंपोस्टयोग्य’ या शब्दांपुढे मी तापमान लिहिले, आणि खाली एक ओळ वाढवली: नदीच्या पाण्यात, प्रत्यक्ष तापमानाला, चाचणी केलेली नाही. प्रकल्पाला मुदतवाढ मिळणे त्यामुळे अवघड झाले आहे, असे मला सांगण्यात आले. गच्चीवर आता नऊ बादल्या आहेत, तीन तुलनेसाठी, आणि सगळ्यांवर माकडांसाठी जाळी.